‘मागे एक स्पेस आहे बघ’

गेल्या जुलैमधली गोष्ट. बहिणीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. संध्याकाळचे साडेसहा वाजलेले आणि मोबाइलच्या स्क्रीनवर तिसऱ्यांदा तोच लाल चौकोन: ‘अर्जदाराचे नाव बँक खात्यावरील नावाशी जुळत नाही.’ खाली दोन ओळी. वरच्या ओळीत तिने भरलेलं नाव, खालच्या ओळीत बँकेतलं. दोन्ही सारखी. अगदी सारखी! आम्ही दोघींनी एकेक स्पेलिंग मोठ्याने वाचलं, आधी तिने वरचं, मग मी खालचं. शेवटी ती म्हणाली, ‘‘ताई, मला एकटीलाच सारखं दिसतंय का गं?’’

पार्ल्यात स्टेशनजवळ झेरॉक्सची, ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’वाली जी दुकानं आहेत, त्यातल्या एकात धावत गेलो. काकांनी एरर वाचलासुद्धा नाही. नावाच्या रकान्यात क्लिक केलं, कीबोर्डवरचं ‘एन्ड’चं बटण दाबलं. कर्सर शेवटच्या अक्षराला चिकटून उभा राहायला हवा होता, तो जरा लांब उभा राहिला. ‘‘मागे एक स्पेस आहे बघ,’’ काका म्हणाले. एकदा बॅकस्पेस, एकदा सबमिट. फॉर्म गेला. वीस रुपये.

घरी येताना बहीण खूश होती, मी मात्र चिडले होते. काकांवर नाही, त्यांनी तर वाचवलं. चिडले ते यासाठी की जी चूक डोळ्यांना दिसतच नाही, ती सुधारायची जबाबदारी सतरा-अठरा वर्षांच्या मुलीवर टाकून एक अख्खी वेबसाइट निवांत बसली होती. ज्यांच्या घराजवळ असे काका नाहीत, त्यांचं काय होत असेल?

मी मास कम्युनिकेशन केलंय, कॉम्प्युटर सायन्स नाही. पण इंजिनीअरिंग आणि आयटीच्या मित्रमैत्रिणींचं डोकं खाऊन, थोडं वाचून, थोडं स्वतः करून बघून जे कळलं, ते या पानावर मांडावंसं वाटलं. कारण आपल्यातले निम्मे हे फॉर्म भरतात आणि उरलेल्यांपैकी बरेच जण उद्या ते बनवणार आहेत.

आधी, ती स्पेस आली कुठून? बहिणीने काही मुद्दाम टाकली नव्हती. मोबाइलवर टाइप करताना कीबोर्डच्या वर शब्द सुचवले जातात ना, त्यावर टॅप केलं की शब्द पूर्ण होतो आणि पुढचा शब्द लिहिता यावा म्हणून कीबोर्ड आपणहून एक स्पेस सोडतो. व्हॉट्सॲपवर गप्पा मारताना ही सोय वाटते. आडनाव हा नावातला शेवटचा शब्द असला की तीच स्पेस मागे लोंबकळत राहते. पुढचा शब्द येतच नाही. कॉपी-पेस्ट करतानाही हेच होतं, बोट जरा पुढे सरकलं की अक्षरांसोबत पुढची मोकळी जागाही उचलली जाते.

मग ती दिसली का नाही? एक तर शेवटची स्पेस तशीही कुणाला दिसत नाही. आणि दुसरं म्हणजे वेबपेजची भाषा, एचटीएमएल, हिचा एक जुना नियम आहे: शब्दांच्या मध्ये एकापाठोपाठ कितीही स्पेस असल्या तरी ब्राउझर दाखवताना एकच दाखवतो. पानाची मांडणी बिघडू नये म्हणून ही सोय केलेली. परिणाम असा की एररच्या पानावर दोन नावं एकाखाली एक छापली तरी ती तंतोतंत सारखी दिसतात. आत डेटाबेसमध्ये मात्र ती वेगळीच असतात. आपल्यासाठी स्पेस म्हणजे ‘काही नाही’. कॉम्प्युटरसाठी स्पेस हे एक अक्षरच आहे, त्याला स्वतःचा क्रमांक आहे: ३२. जसा ‘क’ तशीच स्पेस. शेवटी एक जादा अक्षर असलेलं नाव हे त्याच्या लेखी वेगळ्या माणसाचं नाव.

यात आणखी एक गंमत आहे (तेव्हा गंमत वाटली नव्हती). बहीण सारखी म्हणत होती, ‘‘मागच्या वर्षी दुसऱ्या साइटवर असंच भरलेलं, तेव्हा चाललं की!’’ चाललं असेलही. मायएसक्यूएल नावाचा डेटाबेस जगभरातल्या असंख्य वेबसाइट वापरतात. तो पूर्वी दोन शब्दांची तुलना करताना शेवटच्या स्पेस सर्वसाधारणपणे मोजायचाच नाही. २०१८ मध्ये त्याची आठवी आवृत्ती आली, तिच्यात ठरावीक सेटिंग बदललं आणि शेवटची स्पेस मोजली जायला लागली. म्हणजे तेच नाव, तीच चूक, एका साइटवर पास आणि दुसरीवर नापास. भरणाऱ्याला हे कळणार कसं?

आता मुख्य मुद्दा. ही स्पेस काढायला किती मेहनत लागते? एक शब्द. ट्रिम. जावास्क्रिप्टमध्ये, पीएचपीमध्ये, जावामध्ये याच नावाने, पायथॉनमध्ये ‘स्ट्रिप’ या नावाने. आलेल्या मजकुराच्या पुढचीमागची मोकळी जागा छाटायची आणि उरलेलं पुढे पाठवायचं. शिंप्याने शिवून झाल्यावर लोंबणारे दोरे कापावेत, तसंच.

हा शब्द काही कालपरवा आलेला नाही. जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ ची. तिच्यात ट्रिम अधिकृतपणे आलं ते २००९ च्या आवृत्तीत. मधली चौदा वर्षं प्रत्येक प्रोग्रामर हे काम करणारा स्वतःचा छोटासा तुकडा लिहीत होता, किंवा दुसऱ्याचा उचलत होता. त्या काळातल्या वेबसाइटला एक वेळ माफ करता येईल. पण आज? ईमेलच्या रकान्याचं तर ब्राउझरच बघतो. रकाना ‘ईमेल’ प्रकारचा आहे एवढं सांगितलं की मागचीपुढची स्पेस तो स्वतः काढून टाकतो. नावाचा रकाना साध्या मजकुराचा, तिथे ब्राउझर हात लावत नाही, ते काम फॉर्म बनवणाऱ्याचं.

आणि तो काय करतो? फॉर्मच्या वर लाल अक्षरात सूचना लिहितो: ‘नावाच्या आधी किंवा नंतर अतिरिक्त स्पेस देऊ नये.’ ही सूचना मी आतापर्यंत दोन-तीन ठिकाणी वाचली आणि दर वेळी डोक्यात जाते. ज्याने ती लिहिली त्याला प्रॉब्लेम माहीत आहे, ही तर कबुलीच झाली. सूचना टाइप करायला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळात ट्रिम लिहून झालं असतं. दारात खड्डा आहे हे माहीत असून तो बुजवायचा नाही, शेजारी ‘जपून चालावे’ अशी पाटी लावायची, असा हा प्रकार.

पिनकोडचंही तसंच. पार्ले पूर्वेचा पिन आपण पत्त्यात लिहितो ‘४०० ०५७’, मध्ये जागा सोडून. वाचायला, लक्षात ठेवायला सोपं. हा पत्ता कुठून कॉपी करून फॉर्ममध्ये टाका. रकान्याला सहाच अक्षरांची मर्यादा असेल तर पहिले तीन आकडे, एक स्पेस आणि पुढचे दोन आकडे, एवढंच आत जातं. शेवटचा ७ बाहेर. आणि वर आपल्यालाच दटावणी, ‘कृपया वैध पिनकोड भरा’. कॉन्टॅक्टमधून मोबाइल नंबर कॉपी केलात तर मध्ये स्पेस आणि पुढे +९१ असतंच, तिथेही दहा अक्षरांच्या मर्यादेत शेवटचे आकडे कापले जातात. आकड्यांमधल्या स्पेस काढून मग मोजायला कॉम्प्युटरला किती वेळ लागतो? आपली पापणी लवायच्या आत असं हजारो वेळा करून होईल.

बरं, ट्रिम लिहिलं म्हणजे सुटलो, असंही नाही. ते फक्त दोन टोकं बघतं, मधलं काही बघत नाही. आणि आपल्याकडच्या नावांची खरी भानगड मध्येच असते. पुष्कळ फॉर्ममध्ये नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने असतात, मग प्रोग्राम ते जोडतो: पहिलं, स्पेस, दुसरं, स्पेस, तिसरं. मधला रकाना रिकामा असेल तर? मधलं नाव गेलं, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्पेस तशाच राहिल्या. नाव आणि आडनावात दोन स्पेस. स्क्रीनवर एकच दिसणार, कारण तो एचटीएमएलचा नियम. तुलनेत मात्र नाव फसणार.

मधला रकाना रिकामा कोण ठेवतं? ज्यांना वडिलांचं नाव लावायचं नाही ते, ज्यांच्या आईने त्यांना एकटीने वाढवलं ते, ज्यांच्या समाजात मधलं नाव लावायची पद्धतच नाही ते. म्हणजे ज्यांना आधीच प्रत्येक खिडकीवर ‘वडिलांचं नाव का नाही?’ याचं उत्तर द्यावं लागतं, त्यांनाच ही न दिसणारी स्पेस पुन्हा आडवी येते. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव लागेल. निर्णय चांगलाच आहे. पण आता चार भाग आणि मध्ये तीन स्पेस. ती मुलं बारावीला येतील तेव्हा या जोडाजोडीचा प्रोग्राम कुणी लिहिलेला असेल? कदाचित तुम्हीच!

मधल्या स्पेसचा उपायही एका ओळीचाच आहे: जिथे सलग एकाहून जास्त स्पेस आहेत तिथे एकच ठेवायची. लक्ष द्या, एक ठेवायची. सगळ्या काढायच्या नाहीत. कारण सगळीच मोकळी जागा फालतू नसते. ‘भाऊबंद’ आणि ‘भाऊ बंद’ यात घरातल्या माणसांचा आणि दुकानाच्या शटरचा फरक आहे. आणि आपण पार्लेकरांनी तर यावर बोलायलाच नको. मराठीत आपण ‘विलेपार्ले’ असं सलग लिहितो, कुणी ‘विले पार्ले’ असं तोडून लिहितो, इंग्रजीत पाटीवर दोन शब्द असतात आणि ऑनलाइन पत्त्यांमध्ये कधी एक, कधी दोन. यातलं चूक कुठलंच म्हणवत नाही. माणूस कुठल्याही पाटीवरून बरोबर उतरतो. ड्रॉपडाउनमध्ये मात्र एकच असतं, ते आपल्या कागदावरचं नसेल तर पुन्हा लाल चौकोन.

इथपर्यंत गोष्ट आळशीपणाची होती. पुढची अज्ञानाची आहे आणि ती मला जास्त गंभीर वाटते. कारण पहिल्या प्रकारात साफसफाई होत नाही म्हणून आपण अडतो आणि दुसऱ्या प्रकारात साफसफाई करतानाच मराठी मोडते.

स्पेसबारची स्पेस ही मोकळ्या जागांच्या खानदानातली फक्त एक. वर्डमधून किंवा वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात कधीकधी ‘न तुटणारी स्पेस’ येते. दिसते तशीच, पण दोन शब्दांच्या मध्ये ओळ तुटू देत नाही. तिचा क्रमांक वेगळा. जावास्क्रिप्टचं ट्रिम तिला ओळखतं. पीएचपीचं नेहमीचं ट्रिम ओळखत नाही. मग पीएचपीवाले काय करतात? ट्रिमला सांगता येतं की बाबा, ही अक्षरंही छाट. न तुटणारी स्पेस युटीएफ-८ या पद्धतीत दोन बाइटने लिहितात, ‘सी२’ आणि ‘ए०’. तेवढे दोन बाइट यादीत टाकले की झालं, असा तयार तुकडा वर्षानुवर्षं एकाच्या प्रोग्राममधून दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये जातोय.

इंग्रजीत तो छान चालतो. मराठीत? देवनागरीचं प्रत्येक अक्षर युटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. आपल्या ‘ठ’चे तीन बाइट आहेत ‘ई०, ए४, ए०’. शेवटचा बघा. तोच ‘ए०’! पीएचपीचं हे ट्रिम अक्षर बघत नाही, सुटे बाइट बघतं. त्याला शब्दाच्या शेवटी ‘ए०’ दिसला की ते म्हणतं, हा यादीत आहे, छाटा. म्हणजे ‘ठ’ने संपणाऱ्या कुठल्याही शब्दाचं शेपूट कापलं जातं आणि त्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. ‘ठ’ने संपणारे शब्द कुठले? पीठ. ओठ. वसिष्ठ. श्रेष्ठ. आणि आपल्या सगळ्यांच्या मार्कशीटवर असतो तो, विद्यापीठ. ‘मुंबई विद्यापीठ’ या रकान्यातली मोकळी जागा साफ करायला जावं आणि विद्यापीठच अर्धं व्हावं!

मी हे एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर करून बघितलं. खरंच तसं होतं. ती आयटीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, दोन हॅकेथॉन जिंकलेली. म्हणाली, ‘‘अगं, आम्ही टेस्ट करताना ‘जॉन डो’ टाकतो ना.’’ पीएचपीत बाइटऐवजी अक्षरं बघून छाटणारं वेगळं ट्रिम आता आहे, २०२४ च्या शेवटी आलेल्या ८.४ आवृत्तीपासून. पण हे जुने तुकडे काही कुणी शोधून शोधून काढणार नाही.

दुसरं उदाहरण याहून सर्रास दिसतं. मोकळ्या जागांच्या खानदानात काही चिन्हं अशी आहेत की त्यांना रुंदीच नाही. शून्य रुंदी. स्क्रीनवर ती कुठेच दिसत नाहीत, पण मजकुरात असतात. त्यातली काही खरंच कचरा म्हणून येतात. त्यामुळे ‘न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाका’ असाही एक तयार तुकडा इंटरनेटवर फिरतो, एकाच ओळीचा. तो जी चिन्हं काढतो, त्यात एक आहे ‘शून्य रुंदीचा जोडणारा’, युनिकोडमधला क्रमांक २००डी. इंग्रजीला त्याचं काही काम नाही. मराठीला आहे.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’. एकीकडे प्रवचन, दुसरीकडे जेवण. हा जो आडवा, पापणीसारखा अर्धा ‘र’ आहे तो मराठीचा खास. वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा, कऱ्हाड, पुऱ्या, वाऱ्यावर. हिंदी लिहिताना तो लागत नाही. कॉम्प्युटरवर तो दोन प्रकारे लिहिला जातो. एक म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन (इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे). दुसरी जुनी पद्धत: साधा ‘र’, मग हलन्त आणि मग तो शून्य रुंदीचा जोडणारा. युनिकोडने दोन्ही मान्य केल्यात, दुसरी जुन्या मजकुरासाठी. काही कीबोर्डवरून आजही दुसरीच उमटते आणि टाइप करणाऱ्याला आपण कुठली वापरली हे कळतही नाही, कारण स्क्रीनवर दोन्ही सारख्याच.

आता त्या दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या ‘वऱ्हाड’वरून साफसफाईचा तो तुकडा फिरवा. जोडणारा गेला. उरला ‘र’, हलन्त, ‘ह’. म्हणजे ‘वर्हाड’. रफार झाला! बातम्यांच्या साइटवर, सरकारी यादीत, निमंत्रणपत्रिकेत ‘कुर्हाड’, ‘तर्हा’ असं वाचून आपण म्हणतो, ‘काय हे शुद्धलेखन!’ दर वेळी ते लिहिणाऱ्याचंच चुकलेलं असतं असं नाही. काही वेळा त्याने बरोबर लिहिलेलं असतं आणि मध्येच कुणाच्या तरी प्रोग्रामने ‘न दिसणारा कचरा’ म्हणून मराठीचं अक्षर झाडून टाकलेलं असतं.

आणि साफ केलं नाही तरी अडचण आहेच. दोन पद्धतींनी लिहिलेलं ‘कऱ्हाड’ दिसायला एक, आतून दोन. शोधायला गेलात तर एकाने दुसरं सापडत नाही. युनिकोडची जी प्रमाण एकरूप करायची पद्धत आहे, तीही या दोघांना एक मानत नाही. ते काम मराठी माहीत असलेल्या माणसालाच प्रोग्राममध्ये वेगळं सांगावं लागतं.

अशी न दिसणारी चिन्हं किती महागात पडतात हे फेब्रुवारी २०१८ मध्ये जगाने बघितलं होतं. तेलुगूतलं एक जोडाक्षर मेसेजमध्ये आलं की आयफोनमधलं ॲप बंद पडायचं. त्या जोडाक्षरात असंच एक शून्य रुंदीचं चिन्ह होतं, आपल्या जोडणाऱ्याचं सख्खं भावंड. तेव्हा काही दिवसांत दुरुस्ती आली. आयफोन बंद पडत होते ना! आपला ‘ऱ्ह’ मोडल्याने कुणाचा फोन बंद पडत नाही, म्हणून त्याची घाई कुणाला नाही.

हे सगळं ऐकून आमच्या घरी आजोबा म्हणाले, ‘‘मोडीत बरं होतं, स्पेसच नव्हती.’’ ते खरंच आहे. मोडी लिहिताना आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. कुठे शब्द संपला हे वाचणाऱ्याने ओळखायचं. म्हणजे वाचणारा जाणकार आहे, असं लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं. आपल्या वेबसाइटनी नेमकं उलटं केलंय. वाचणारं यंत्र अडाणी आणि लिहिणाऱ्याने मात्र तज्ज्ञ असावं.

एक बाजू मात्र मांडायला हवी, ती मलाही पटली. ‘माणसाने जे भरलं त्याला प्रोग्रामने परस्पर हात लावू नये,’ असं काही जण म्हणतात. पासवर्डच्या बाबतीत ते अगदी बरोबर आहे. कुणी मुद्दाम स्पेस टाकलेली असू शकते आणि नोंदणीच्या वेळी छाटली पण लॉगिनच्या वेळी नाही छाटली, तर माणूस कायमचा बाहेर. कविता, प्रोग्रामचा कोड, यातल्या स्पेसही मुद्दाम असतात. नावाचंही मूळ भरलेलं रूप जपून ठेवावं. पण तुलना करताना? दोन नावं जुळतात का हे बघताना तरी दोन्हींच्या स्पेस सारख्या करून मग बघायला कुणाची हरकत आहे? आणि नसलीच जुळत, तर निदान कुठे जुळत नाहीत ते दाखवावं. ‘शेवटी एक जादा स्पेस आहे, काढू का?’ एवढं विचारलं असतं तरी त्या संध्याकाळी आम्ही धावलो नसतो.

सरकारी साइटला शिव्या घालणं सोपं आहे, मीही वर घातल्याच. पण आपल्या कॉलेज फेस्टिव्हलचे रजिस्ट्रेशन फॉर्म कोण बनवतं? आपणच. मागच्या डिसेंबरमध्ये आमच्या ग्रुपने एका स्पर्धेची नावनोंदणी घेतली, तेव्हा एकाच मुलाची दोन प्रमाणपत्रं छापली गेली होती, कारण एकदा नाव साधं होतं आणि एकदा मागे स्पेस. आम्ही हसलो आणि एक फेकून दिलं. आज ते आठवलं की हसू येत नाही. त्यामुळे या वर्षी फेस्टिव्हलचं पोर्टल ज्यांच्याकडे आहे त्यांना एक विनंती. ‘जॉन डो’ सोडा. मागे स्पेस असलेलं एक नाव टाकून बघा, मधलं नाव रिकामं ठेवून बघा, ‘विद्यापीठ’ टाका, आणि ‘वऱ्हाड’ दोन्ही पद्धतींनी टाका. चार टेस्ट, दहा मिनिटं. यातली एखादी नापास झाली तर पोर्टल तयार नाही.

बहिणीची शिष्यवृत्ती मंजूर झाली, हे सांगायचं राहिलं. दिवाळीच्या आधी पत्र आलं, मराठीत, शिक्क्यासकट. आमच्या आडनावात ‘ऱ्हा’ आहे. तिने फॉर्ममध्ये तो नीट टाइप केला होता, मी शेजारी बसून बघितलं होतं. पत्रावर रफार आहे. तिने पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘‘ताई, पुढच्या वर्षी रिन्यूअलचा फॉर्म आला की नाव कसं भरायचं गं? माझं की पत्रावरचं?’’

मी अजून तिला सांगितलेलं नाही. काकांना विचारायचंय.